एका डॉलरची दुरुस्ती

वेस्ट टिल्बरी, न्यू हॅम्पशायर
२४ फेब्रुवारी १९८५

चि. लोर्ना हिस थर्झाआजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. बर्फ खिडकीला टेकलाय, कोंबड्या रुसल्यात, मी ठणठणीत. तू धाडलेल्या मोज्यात माझा पाय जाऊन वर मांजरही मावतं! तर सांगायचं हे, की आपल्या सफरचंदाच्या बागेवर गावच्या तिघा कारभाऱ्यांचा डोळा आहे. झाडं तोडून गावसभेला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी डांबर ओतायचंय. पैसे देऊ म्हणतात, पण नको म्हणायची सोय नाही. मला विचारलं कुणी? दारावर नोटीस ठोकून गेले. अगं, परसातला स्कंकसुद्धा घाण सोडण्याआधी शेपटी वर करून इशारा देतो! शिसारी आली बाई. तुझ्या आजोबांच्या हातची कलमं ती. तू वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत बसतेस, काहीतरी मार्ग सांग.

तुझी,
आजी

वॉशिंग्टन
२ मार्च १९८५

ती. आजीस लोर्नाचा सा. न.

वि. वि. पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. पण भांडू नकोस गं. लोकांच्या उपयोगासाठी सरकारला जमीन घेता येते, फक्त वाजवी मोबदला द्यावा लागतो, असं राज्यघटनेतच आहे. येत्या गावसभेत ते चाळीस हजार डॉलर मंजूर करून घेतील. ते घे आणि डॉक्टरला दुखरे गुडघे दाखवून ये. सरकारातली माणसं वाईट नसतात, त्यांना चार पावलं पुढचं दिसतं.

रागावू नकोस.
तुझी लोर्ना

वेस्ट टिल्बरी
१३ मार्च १९८५

चि. लोर्ना हिस अ. आ.

वि. वि. पुढचं दिसणाऱ्यांची काल जिरवली! आपल्या सभेत कुणीही उठून ठरावातली रक्कम बदला म्हणू शकतो, हे तू तिकडे जाऊन विसरलीस. मी उठले, म्हटलं चाळीस हजार खोडा आणि एक डॉलर लिहा. मुख्य कारभारी प्रेंटिस ओरडला की म्हातारीला चळ लागला. मी म्हटलं, माझ्या नातीने कळवलंय, मोबदला वाजवी हवा; आणि सभा मंजूर करेल त्याहून एक सेंटही जास्त तुला खर्चता येत नाही. आता एका डॉलरात बाग घेऊन दाखव. त्याचं तोंड नासक्या ताकासारखं झालं. सगळ्यात आधी हात कुणाचा वर गेला असेल? ऑरिन हकिन्सचा! त्याच्या बोकडाने माझा घेवडा फस्त केल्यापासून आमचा अबोला. म्हणाला, आज हिची झाडं, उद्या माझा गोठा. मग हातच हात. दुरुस्ती मंजूर! सभेच्या जेवणात आनंदाने मी बीन्स दोनदा वाढून घेतल्या.

बाहेर आलो तर गाड्यांना खरंच जागा नव्हती. मी बागेचं फाटक उघडलं, सांगितलं की सभेच्या दिवशी झाडांच्या ओळींमधून खुशाल लावा, फुकट. प्रेंटिस चिडून म्हणाला, हे आधी का नाही बोललीस. मी म्हटलं, मेल्या, तू आधी विचारलंस का?

उन्हाळ्यात ये. लोभ ठेव, तो काही कायद्याने घेता येत नाही, मागावाच लागतो.

तुझी,
थर्झाआजी