पाय असलेला रेनकोट

४ फेब्रुवारी २००७, रविवार
अवनीचा नॉर्वेहून फोन. कंपनीच्या कामाला गेलेली मुलगी, आता तिथल्या कुणा एरिकशी लग्न करीन म्हणते. मी म्हटलं, थांब, मी येतो, समोरासमोर बोलू. आमचे पार्टनर पाटसकर यांचा मुलगा दिग्विजय, असं स्थळ मी हातचं जाऊ देणार नाही. ती म्हणाली, पप्पा, एप्रिलमध्ये आम्ही समुद्रात डायव्हिंगला जाणार, बर्फासारख्या पाण्यात, दिवसभर खालीच, तुम्ही येऊन काय करणार?
काय करणार म्हणजे? मीही खाली येणार! घरात विषय काढला की ती उठून जाते. पाण्याखाली जाणार कुठे?
मंदाकिनी म्हणाली, अहो, पाण्याखाली बोलता येत नाही. बायकोला प्रत्येक प्लॅनमध्ये खोट काढायची सवयच आहे.

७ फेब्रुवारी
इंटरनेटवर अभ्यास. वेटसूटमध्ये पाणी शिरतं, ड्रायसूटमध्ये शिरत नाही. म्हणजे पाय असलेला रेनकोट. फुटपाथवर रेनकोट विकून बिबवेवाडीत फॅक्टरी काढली मी. मला कोण शिकवणार?
भाचा आमोद ऑनसाइट स्कॉटलंडला आहे, येताना तोच आणेल. त्याचा मेल: एक जाड रबराचा असतो, एक पातळ कापडाचा. मामा, मापं अगदी अचूक पाठवा, गळा-मनगट घट्टच हवं.
पातळ निवडला. रंग काळा, मळखाऊ. प्रत्येक माप दोन इंच वाढवून पाठवलं. आत स्वेटर आला, शिवाय पोटाचं काही सांगता येत नाही. आजकालच्या पोरांना कपडा कसा घ्यावा हेच कळत नाही.

१० मार्च, शनिवार
सूट आला. पाय लांब, आणि एवढं करून गळा आवळतोच. नारायण पेठेत श्यामसुंदर टेलरकडे गेलो. त्याने गळा कापून मोकळा केला, हूक लावला, पोटऱ्यांना चार-चार बोटं टक मारली. म्हणाला, साहेब, आता घ्या श्वास. डबल शिलाई. असा टेलर नॉर्वेत नसणार.

१५ मार्च
मंदाकिनीने विचारलं, तुम्हाला पोहता कुठे येतं? लागत नाही. सूटमध्ये हवा भरतात, माणूस तरंगतो. पोहायचं असतं ते सूट नसलेल्यांनी.

२५ मार्च, रविवार
पेठेतल्या पोहण्याच्या तलावात ट्रायल. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डाव्या पोटरीत गार वाटलं, पाचव्या पायरीवर उजव्या. नंतर गळ्यातून. मी बुडतोय म्हणून ओरडलो असं लोक म्हणतात. मी सूचना देत होतो. तिथली कोच श्रद्धा म्हणाली, काका, उभे राहा, पाणी कमरेएवढंच आहे. पण पाय भरलेल्या पिंपांसारखे, उचलणार कसे? चौघांनी ओढून काठावर घेतलं. एक पेन्शनर ओला चष्मा पुसत म्हणाले, अहो, आतलं पाणी इथेच ओतून जा, ते पालिकेचं आहे.
हसण्यासारखं काय होतं त्यात? ट्रायल नव्वद टक्के यशस्वी. डोकं संपूर्ण कोरडं.

१ एप्रिल
शिलाईवर सायकलवाल्याकडून पंक्चरची ठिगळं मारून घेतली.
माझे कान तिखट. मंदाकिनी स्वयंपाकघरात अवनीशी हळूच बोलत होती: त्यांना शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. जूनमध्ये माझी साठी. सरप्राइज ठरतंय. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. बिचाऱ्यांचा हिरमोड नको.

८ एप्रिल, रविवार
मंदाकिनी बहिणीकडे नागपूरला गेली. एप्रिलमध्ये नागपूरला दोन स्वेटर, लोकरीचे मोजे आणि पैठणी! बायकांना पॅकिंग कळत नाही. मी मनात हसलो. मला माझा व्हिसा बघायचाय, उद्यापासून.

१४ एप्रिल, शनिवार, संध्याकाळ
ठिगळं बघायला सूट चढवला. गोदाबाई भांडी उरकून निघाल्या होत्या. जाता जाता त्यांनी मागची चेन लावून दिली. म्हणाल्या, साहेब, भारी दिसताय, आणि तोंडाला पदर लावून गेल्या.
फोन वाजला. नॉर्वेचा नंबर, आवाज मंदाकिनीचा. म्हणाली, सकाळी लग्न झालं. तिथल्या ऑफिसात, सही करून. मी विचारलं, आणि डायव्हिंग? म्हणाली, कसलं डायव्हिंग, तिला फ्रीजच्या पाण्यानं सर्दी होते. तुम्ही पाण्याला घाबरता, समुद्र म्हटलं की येणार नाही असं तिला वाटलं. पण तुम्ही सूट आणलात. मग मीच म्हटलं, असू दे, तेवढेच गुंतून राहतील.
मी म्हटलं, अवनीला दे. म्हणाली, शेजारीच आहे, पण नको म्हणतेय. फोटो काढायला बोलावताहेत. जेवून घ्या.
ठेवला.
मुलीचं वय लहान, घाई केली. दिग्विजयला मी समजावीन. सगळं निस्तरता येतं.
फक्त ही चेन पाठीवर आहे, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, आणि एकट्याच्या हाताला येत नाही. दाराशी, खुर्चीशी, खिळ्याशी प्रयत्न केला. शेजारच्या नागोरावांना हाक मारली तर पहिलं विचारतील, वहिनी कुठेत? पंखा पाचवर केलाय. आत घामाच्या धारा. ठिगळं मात्र पक्की, एक थेंब बाहेर येत नाही.
रात्र काढायची. सकाळी गोदाबाई येतीलच.
उद्या रविवार. त्यांची सुट्टी.