किरकोळ गैरसोय

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल असाल असं मी धरून चालतो. आम्हीही खुशाल आहोत, असं तू मात्र धरून चालू नकोस. वहिनीची कंबर आता कशी आहे?

पत्रास कारण अण्णा. घरमालकाने बाथरूम आणि स्वयंपाकघर नवं करून द्यायचं ठरवलं, तेव्हा "भाडेकरूंना किरकोळ गैरसोय होईल" असा कागद त्याने बाथरूमच्या दारावर चिकटवला होता. दुसऱ्याच दिवशी माणसांनी ते दार काढून नेलं, त्यामुळे पुढचा मजकूर वाचायचा राहून गेला. तेव्हापासून आत गेलेल्या माणसाने आवाज करत राहायचं, असं ठरलं आहे. (ही गाते, मी खोकतो. अण्णांना कशाचीच गरज वाटत नाही.) ओटा फोडल्यामुळे शेगडी बाहेरच्या खोलीत, भांडी गॅलरीत आणि फ्रिज आमच्या पलंगाच्या उशाशी आला आहे. गवंडी म्हणतो, प्लंबरने पाइप टाकल्याशिवाय भिंत बुजवणार नाही. प्लंबर म्हणतो, भिंतीचं ठरल्याशिवाय पाइप टाकणार नाही. दोघे एकमेकांचे मेहुणे आहेत आणि एकाच स्कूटरवरून येतात. हा प्रश्न तुम्ही वाटेतच सोडवा, असं मी सुचवलं, तर त्यांनी मला बादली भरून आणायला सांगितलं. मी आणली.

या सगळ्या धुळीत अण्णा दिवसभर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसतात. परवा फरशीचा उतार चुकलाय म्हणून त्यांनी अख्खी ओळ उखडायला लावली. मी काही विचारलं, की गवंडी "अण्णांना विचारून सांगतो" म्हणतो. भाडेकरार माझ्या नावावर आहे, हे त्याच्या कानावर घालणार होतो, पण ते दोघे चहा घेत होते. असो. या वयात त्यांना हे सोसवायचं नाही, माझा जीव टांगणीला लागलाय. काम संपेपर्यंत त्यांना तुझ्याकडे घेऊन जा. मला त्यांच्यावाचून करमायचं नाही, पण माझा विचार करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. अण्णांना विचारलं. ते येणार नाहीत म्हणाले. गवंडीही नाही म्हणाला.

ता. क. २. तेव्हा आम्ही दोघंच येतो. रविवारी पोचू. वहिनीच्या कानावर जरा बेताने घाल.

चि. थोरल्यास आशीर्वाद. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली दोन ओळी लिहितो. मेहुण्यांचं मी केव्हाच मिटवलंय. हे निघाले की काम आठवडाभरात उरकेल, पण यांना कळू देऊ नकोस. गवंड्यालाही तसं बजावलंय. दोघांना महिनाभर तरी ठेवून घे. तुझी आई गेल्यापासून मला घडीभर एकटं सोडत नाहीत रे. मायेनेच करतात, पण दमायला होतं.

— अण्णा