बेरीच्या वासाचं रबरी गांडूळ

मित्रा म्हादबा,

सप्रेम नमस्कार. पत्राच्या आरंभी क्षेम विचारायची पद्धत आहे, पण तुला काय विचारू? तू जाऊन महिना होत आला आणि बिघडलंय ते माझंच क्षेम. सकाळी संध्येला बसतो, आचमनाचं पाणी हातात घेतो आणि पिण्याआधी त्याचा वास घेतो! या वयाच्या संस्कृत शिक्षकाला हे शोभतं का?

लिहायला बसलो ते कालच्या प्रसंगामुळे. तुझा मेव्हणा किसन घरी आला. ओसरीवर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "शास्त्रीबुवा, दाजी त्या रबराला काय चोळायचे, ते तुमाला ठावं हाय. मला सांगा."

"तुला कशाला?"

"घाटाखाली गळ टाकतो. पिंपरीच्या नव्या कारखान्यावर किती माणूस आलंया बघा. समदी मासा मागत्यात."

"घाटाखाली? देवळाचा कळस दिसतो तिथे?"

"कळसाला काय डोळं हायेत व्हय?"

मी म्हणालो, उद्या संध्याकाळी ये. तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालतोय. तुझी रमावहिनी वैतागून म्हणाली, "बसा तरी, नाहीतर बाहेर जा तरी! उंबऱ्यावर कसली प्रदक्षिणा चालली आहे?"

हे सगळं तुझ्यामुळे. तुझ्या सायकलच्या दुकानामुळे, आणि कारखाना उभारायला आलेल्या त्या गोऱ्या साहेबामुळे. पंक्चर काढून दिलंस तर खूश होऊन त्याने तुला काय द्यावं? वांग्याच्या रंगाचं, मऊ, लिबलिबीत, खोटं गांडूळ! त्याच्या देशात म्हणे त्यावर मासे धरतात. तू ते हातात घेऊन मुलीसाठी स्थळ बघावं तसं चारही बाजूंनी निरखलंस. आठच दिवसांत ते पवनेतल्या एका खडकात अडकून तुटलं. तू रडला नाहीस एवढंच. मग जुन्या ट्यूब कात्रीने कापून स्वतःची गांडुळं करायला बसलास. नदीकाठी फावड्याच्या एका घावात खरी ओंजळभर मिळत असताना! हे मी तुला विचारलं होतं. आठवतं काय म्हणालास?

"खरं गांडूळ काय, कुणीबी लावतं. त्यात आपली अक्कल कुठं आली?"

पण तुझ्या अकलेला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येत होता. मासा यायचा, रबर तोंडात घ्यायचा आणि लगेच थुंकायचा. तेव्हा तू सिद्धान्त मांडलास की वास पटला तर मासा घटकाभर चघळतो, आणि तेवढ्यात झटका द्यायचा. मग सुरू झाली तुझी गंधसाधना. हिंग झाला, सुक्या बोंबलाचं पाणी झालं. एकदा तर पुण्याहून वाळ्याचं अत्तर आणलंस. ते तेल होऊन पाण्यावर तरंगत गेलं. खाली मासे उपाशी, वर नदी लग्नाला निघालेली!

मी तुला न्यायशास्त्र सांगितलं: गंध हा पृथ्वीचा गुण, पाण्याचा नव्हे. पाण्याला वास आलाच तर तो मातीकडून उसना. तू डोकं खाजवलंस आणि म्हणालास, "मंजी पान्यात इरघळंल आन् तरीबी रबराला चिकटून ऱ्हाईल, आसं कायतरी पायजे. शास्त्रीबुवा, तुमचं शास्त्र पयल्यांदा कामाला आलं!"

त्यानंतर तू गप्प झालास. तू गप्प झालास म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला कळायला हवं होतं. आणि खरंच शिजत होतं, तेही माझ्याच स्वयंपाकघरात!

तो पावसाळा ओसरल्यानंतरचा रविवार. पिंपरीकडच्या डोहावर तू मला घेऊन गेलास. माझ्या हातात दोरी दिलीस. "धरा जरा, बिडी पेटवतो." मी आयुष्यात गळ धरला नव्हता. नको नको म्हणेपर्यंत दोरी हलली. झटका नव्हता, म्हादबा. खाली कुणीतरी ते रबर तोंडात धरून सावकाश चघळत होतं. थुंकत नव्हतं, पळत नव्हतं. दोरीतून माझ्या बोटांपर्यंत त्याचं ते निर्धास्त चघळणं पोचत होतं. "वढा, वढा!" तू ओरडलास. मला जमेना. शेवटी तूच ओढलास. मोठ्या खवल्यांचा, चांगला हातभर लांब मासा. आणि मी कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला, तर बोटांना वास कसला? रमा तूप कढवते तेव्हा घरभर दरवळतो, तो!

"बेरी?" मी विचारलं.

तू असा हसलास की बिडी पडली.

मग कळलं. रमाकडे जाऊन तूप गाळल्यावरचं पातेलं मागायचास. तिला वाटे, म्हादूभावजींना बेरी-साखर आवडते. बिचारी चमचाभर साखरही घालून द्यायची! आणि तू ती बेरी रबराला चोळायचास. कारण त्याच बेरीत मळलेल्या कणकेच्या गोळ्या मी रोज सकाळी घाटावर माशांना घालतो. माझे वडील घालायचे, म्हणून मीही घालतो. त्या वासावर किती पिढ्या पोसल्या असतील! त्यांच्या लेखी तो वास म्हणजे विश्वास. घाटावरचे मासे पोहत डोहापर्यंत जायचे आणि तिथे तू बसलेला.

मी चिडलो होतो. "माझ्या पुण्याचं तू आमिष केलंस!" तर तू शांतपणे, "पुण्य तुमचंच ऱ्हातंय की. मी निस्ता वास उचलला."

यावर उत्तर अजून शोधतोय. चार दर्शनं चाळून झाली.

पण एक मानायला हवं. तुझा नेम होता: नदीवरून कळस दिसतो तोवर पिशवीतून गळ काढायचा नाही. एक मासा मिळाला की दोरी गुंडाळायची. कुणी विचारलं तर म्हणायचास, "घाटावरचा मासा पाव्हना हाय. डोहात आला मंजी तो त्याच्या जिवावर आला." हा तर्क कोणत्या शास्त्रात बसतो ते देव जाणे. पण तू तो पाळलास. आणि मग दुकानात, हातात पंप असताना, छातीत कळ येऊन गेलास. निदान नेमाचा वारस तरी नेमायचा होतास! वास तेवढा मागे ठेवलास.

आज सकाळी सगुणावहिनींकडे गेलो. तुझं दुकान आता त्यांनीच उघडलंय. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "तुमचा भाऊ आहे. तुम्ही म्हणाल तसं करतो."

त्यांनी मान वर केली नाही. "किसनाचं प्वाट भरंल, तर मला काय वंगाळ वाटंल व्हय? पर त्याला नेम न्हाई. घाट रिकामा करंल त्यो."

"मग नाहीच सांगत."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. "भावजी, तुमी न्हाई सांगितलं म्हून काय झालं? त्याला नाक न्हाई? रोज सकाळी तुमीच त्यो वास घाटावर सांडता. आज न्हाई तर उद्या, त्यो तुमच्या मागं हुबा ऱ्हाईल."

तिथून घरी येताना मी दोनदा रस्ता चुकलो. चिंचवडात! जन्म काढला त्या गावात!

वहिनींचं खरं आहे. वास लपवून भागणार नाही. माशांनीच तो विसरायला हवा. आणि ते विसरायचे तर मला कणीक बंद करायला हवी. वडिलांपासून चालत आलेली. तुझ्यामागे माझ्या सकाळीत तेवढंच उरलं होतं, तेही आता गेलं. बघ, कुणाला जगवायचं तर त्याला खाऊ घालणं थांबवायचं, असला उलटा धर्म तू माझ्या गळ्यात मारून गेलास. याचा जाब मी तुला विचारणार आहे, आज ना उद्या.

संध्याकाळ होत आली. किसन येईल. त्याला तोंडावर सांगेन की वास सांगणार नाही, आणि का नाही तेही सांगेन. तो रागावेल. रागावू दे.

तुला शब्द देतो. उद्या पहाटे नेहमीच्या वेळी घाटावर जाईन, पण रिकाम्या हाताने. मासे पायरीशी येतील, पाण्याबाहेर तोंडं काढतील. मी हात मांडीवर पालथे ठेवून बसेन. परवाही, तेरवाही. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवेपर्यंत रोज जाईन, आणि शेवटचा मासा निघून गेल्याशिवाय उठणार नाही.

तुझा, आणि तूर्त त्यांचा अपराधी,
वासुदेव