तेरावं बदक

३ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, आणि वेळेवर पत्र न लिहिल्याबद्दल एक धपाटा.

आईचं पथ्य पाळतोस का? तुझं चष्म्याचं दुकान बरं चाललंय, असं मावशी म्हणत होती. माझंही ठीक आहे. रोज सकाळी साडेनऊला हॉटेलच्या पाहुण्यांना जमवते, प्रत्येकाच्या कानात ऐकण्याचं यंत्र अडकवते, स्वतःच्या कॉलरला माईक लावते आणि हातात छत्री उंच धरून निघते. घड्याळाचा मनोरा, संगीतगृह, जुना झाकलेला बाजार आणि शेवटी संग्रहालय. आमच्या माहितीपत्रकावर छापलंय तसं, हॉटेलपासून सगळं पायी वीस मिनिटांत. जाडजूड गालिच्यांवर चालणाऱ्या लोकांना खऱ्या रस्त्यावर चालवायचं, एवढंच माझं काम.

आता बसून वाच. काल स्वागतकक्षात येणाऱ्यांची यादी आली. शुक्रवारी सातव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, जिच्या खिडकीतून संग्रहालय दिसतं, तिथे मोठे साहेब येताहेत. तेच. बाबांचे साहेब. संग्रहालयातली ती प्राचीन फरशी लोकांसाठी खुली झाली त्याला पंचवीस वर्षं झाली, म्हणून महिनाभर मुक्काम आणि दर शनिवारी भाषण. त्यांनी आधीच कळवलंय, की मंगळवारच्या फेरीत ते स्वतः येतील आणि फरशीपाशी पाहुण्यांना स्वतः सांगतील.

चार वर्षं बाबांनी गुडघ्यांवर बसून ती रंगीत खड्यांची फरशी जुळवली, आणि पितळी पाटीवर लिहिलं गेलं की जुळणी आणि संशोधन साहेबांचं. माझं नाव खाली बारीक अक्षरात तरी घाला, असं बाबा म्हणाले, तर त्याच आठवड्यात काम संपलं म्हणून त्यांना घरी पाठवलं. ते गेले तेव्हाही त्यांचे गुडघे सरळ होत नव्हते. मला या माणसाचा सूड घ्यायचाय, ठोंब्या. गोड शब्द शोधत बसत नाही.

आईला यातलं काही बोलू नकोस. माया तर आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. धपाटा पोचला.

पत्र वाचलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दूरच्याऐवजी जवळचा चष्मा दिला. तो बिचारा दारावर आपटला.

माझे उपाय लिहितो. एक, साहेबांना मनोऱ्याच्या दोनशे बारा पायऱ्या चढव आणि वर पोचल्यावर सांग की दृश्य खालूनच छान दिसतं. दोन, ज्या दिवशी संगीतगृह बंद असतं त्याच दिवशी तिथे पाठव. तीन, बाजारात घेऊन जा आणि तिथेच विसरून ये. हसू नकोस, मी दात-ओठ खाऊन लिहितोय. पाटीवर त्यांचं नाव लागलं त्या दिवशी बाबा जेवले नव्हते, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला तेवढंच आठवतं, पण तेवढं पुरेसं आहे.

एक गोष्ट तुझ्या ध्यानात असेलच. फरशीवरचं ते तेरावं बदक. बारा बदकं पाण्याकडे निघालीत आणि एकच पाठ फिरवून उलटं चाललंय. साहेबांनी त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याला बंडखोर आत्मा म्हटलं, मान मिळवला. आणि खरं काय ते आपल्याला ठाऊक आहे. त्या बदकाचे खडे सगळे सुटे पोत्यात आले होते. खडे चित्राची बाजू खाली ठेवून जुळवायचे असतात, म्हणजे काम करताना सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. बाबांना तेव्हा ताप होता. उलटं करायचं विसरले. त्यांनी वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय, की चूक साहेबांना सांगितली, दुरुस्तीला आठ दिवस मागितले, आणि साहेब म्हणाले, राहू दे, कोण बघतंय!

वही आईच्या कपाटात आहे आणि किल्ली आईच्या कमरेला. आता तूच सांग.

राग सगळा साहेबांसाठी राखून ठेव, मला फक्त लोभ पाठव.

तुझा,
ठोंब्या

८ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. या खेपेला धपाटा नाही, कारण डोकं चालवलंस.

साहेब आलेत. केस पांढरे, छाती तशीच पुढे. आमच्या हॉटेलात त्यांचं बदक सगळीकडे आहे. साबणावर बदक, माहितीपत्रकावर बदक, उशीवर ठेवतात त्या चॉकलेटचंही बदक. ते बघून त्यांनी व्यवस्थापकाचा खांदा थोपटला. मला ओळखलं नाही. फेरीवाली बाई म्हणून हाक मारली आणि छत्री नीट धर म्हणाले. मी नीट धरली.

दोन दिवस त्यांना न्याहाळलं. सूप गार आलं तर चूक आचाऱ्याची. स्वतःच किल्ली खिशात विसरले तर चूक दारवानाची. काल फुलांच्या सजावटीचं कुणीतरी कौतुक केलं, तर लगेच म्हणाले की कल्पना त्यांचीच. माणूस लगेच कळला. हा श्रेय कुणाचंही उचलतो, पण दोष मात्र हातभर लांब फेकतो. तेव्हा त्यांना बदकाचं श्रेय विचारायचंच नाही. दोष द्यायचा. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

पण ऐन वेळी ते उलटले तर हाताशी वही हवी. संग्रहालयाच्या आताच्या प्रमुखबाई सरळ आहेत, त्या बाबांचं अक्षर वाचतील. मंगळवारची फेरी मी साहेबांना सांगून गुरुवारवर ढकलली, पावसाने झड धरलीय म्हणून. ऊन पडलंय, पण त्यांनी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. आईकडून काहीतरी निमित्त काढून किल्ली घे. खोटं बोलताना कान चोळू नकोस, तेवढ्यावरून ती ओळखते.

तुझ्यावर विसंबून,
ताई

१० मार्च

चि. थोरलीस,
आईचे आशीर्वाद.

तुझ्या भावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. कान चोळत आला आणि पाच मिनिटांत सगळं ओकला. मला न सांगता दोघांनी कारस्थान रचलंत, त्याचं नंतर बघते.

आधी मी नाहीच म्हटलं. तुझ्या बाबांनी हजारो खडे बिनचूक बसवले आणि जगापुढे काय जाणार, तर एक चुकलेलं बदक? त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही ते बरं, पण चुकीसाठी ठाऊक होणं मला सहन होईना. दुपारभर वही मांडीवर घेऊन बसले. त्यांनी स्वतःची चूक कशी लिहिलीय ते तू वाच. खाडाखोड नाही, कुणाला दोष नाही. आपली चूक आपली म्हणून साहेबांच्या दारात उभा राहिलेला माणूस तो. त्याची चूकही चोरीला गेली आणि तिच्यावर दुसऱ्याने पुस्तक लिहिलं. ती परत आण.

वही सोबत पाठवतेय, जुन्या टॉवेलात गुंडाळून. टॉवेलही परत हवाय. आणि जेवणाकडे लक्ष दे, मागच्या खेपेला गळ्याची हाडं दिसत होती.

तुझी,
आई

१२ मार्च, दुपार

ती. आईस साष्टांग नमस्कार आणि चि. ठोंब्यास आशीर्वाद,

दोघांनी मिळून वाचा. ठोंब्या, तू मोठ्याने वाच, आईचा चष्मा तू अजून बदललेला नाहीस.

बावीस पाहुणे होते आणि प्रमुखबाई. फरशीपाशी मी माझा माईक काढून साहेबांच्या कॉलरला लावला. त्यांनी बंडखोर आत्म्याची कथा रंगवून सांगितली. एका बाईंनी डोळे पुसले. जुळणी करताना तो शेवटचा खडा बसवला तेव्हा आपले हात कसे कापले, हेही सांगितलं. आई, मी गालाला आतून चावून उभी होते.

मग मी अगदी नम्रपणे विचारलं. म्हटलं, फरशी बसवणारे कारागीर मला सांगतात की हे बदक म्हणजे साधी चूक आहे, मागून जुळवताना दिशा उलटवायला विसरलेल्याची. पाटीवर जुळणी साहेबांची आहे. तर यापुढे पाहुण्यांना सांगू का, की ही चूक साहेबांच्या हातून झाली?

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. म्हणाले, असली अडाणी चूक त्यांची असणं शक्यच नाही. त्यांनी आयुष्यात त्या फरशीच्या एकाही खड्याला हात लावलेला नाही. सगळी जुळणी एका दुरुस्ती कारागिराने केली, पहिल्या खड्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि चूक त्याचीच. त्याने येऊन कबूलही केली होती.

कॉलरला माईक होता. बावीस कानांत हे शब्द स्पष्ट गेले, आणि तेविसाव्या कानात, तो प्रमुखबाईंचा. त्यांनी शांतपणे त्या कारागिराचं नाव विचारलं. दोष नीट पोचावा म्हणून साहेबांनी बाबांचं नाव पूर्ण घेतलं, आडनावासकट, आणि दोनदा. मग त्यांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. माईक काढायला गेले, पण चाप निघेना. मी मदत केली नाही.

वही उघडावीही लागली नाही. संध्याकाळी प्रमुखबाईंना देणार आहे, पाटी बदलताना लागेल म्हणाल्या. बदक आहे तसंच राहील आणि कुणाच्या हातून कसं उलटलं तेही खाली लिहितील. मला वाटलं होतं, रडू येईल. छे, जाम आनंद झाला. परतताना साहेब बावीस लोकांच्या मागे एकटे चालत होते आणि मी छत्री मुद्दाम जास्तच उंच धरली होती.

तुमची दोघांची माया अशीच राहू दे.

ताई

१४ मार्च

चि. थोरलीस,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचून घेतलं. ठोंब्याचा घसा बसला. तू छान केलंस, आणि तुझे बाबा असते तर तुला रागावले असते, आता पुरे म्हणाले असते. ते भले होते. मी नाही.

पुढच्या शनिवारचं भाषण रद्द झालेलं नाही असं ठोंब्याने फोन करून विचारून घेतलंय. मी शुक्रवारच्या गाडीने येते. पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये, माझी खुर्ची धर. मी काही बोलणार नाही, काही विचारणार नाही. फक्त सुरुवातीला उठून तू माझी ओळख करून दे, मी कुणाची बायको ते. मग त्यांना म्हणावं, साहेब, आता बोला.

तुझी,
आई