मांडीवर न मावणारं कुत्रं

चिमे,

भाजी गरम करून जेवून घे. मी डूडल जातीच्या कुरळ्या कुत्र्याचं पिल्लू आणायला चालले आहे. तू पसंत केलेलं ते एवढंसं नाही, मोठ्या आकाराचं. वाढलं की माझ्या कमरेला लागेल, असं त्या पिल्लं विकणाऱ्या बाई म्हणाल्या.

"आई, तुला झेपेल एवढंच घे," हे ऐकून माझे कान किटलेत. तुझे बाबा गेल्यापासून मी घरात बसूनच आहे. मला मांडीवर झोपणारं कुत्रं नकोय, रोज बाहेर ओढून नेणारं हवंय.

बाबांची खुर्ची मीच माळ्यावर टाकायला लावली. तिच्या जागी पिल्लाचं अंथरूण येईल. खुर्ची परत खाली आणू नकोस. रडायचं असेल तर मी यायच्या आत रडून घे, मी सकाळीच उरकलंय.

आई