सातवी जागा

नारायण पेठ, पुणे
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. केयूर,
अनेक आशीर्वाद.

तू चौथीत होतास. सतराचा पाढा काही केल्या तुला येत नव्हता आणि दुसऱ्या दिवशी बाई फळ्यापाशी उभं करणार होत्या. मी पिशवी घेतली, तुझा हात धरला आणि आपण मंडईला निघालो. आपल्या फाटकाशी सतरा एके सतरा ठेवलं. गिरणीच्या दारात चौतीस, पिठानं पांढरे झालेले. असं एकेका दाराशी एकेक. सातव्या जागी नागोराव छत्रीवाला बसायचा, फुटपाथवर, काड्यांच्या ढिगात. तिथे थांबून तू मोठ्यानं म्हणालास, "सतरा सत्ते एकशे एकोणीस." त्यानं मान वर न करता "बरोबर" म्हटलं. पुढे वर्षभर हेच चाललं होतं. तू म्हणायचास, तो "बरोबर" म्हणायचा. एकदा तू एकशे अठरा म्हणालास, तेव्हा मात्र त्यानं चष्म्यावरून तुझ्याकडे बघितलं. "आज छत्री गळतीये का रे?" तू किती हसलास. तू मुद्दाम चुकला होतास, हे मला घरी आल्यावर सांगितलंस.

मुद्दाम चुकलं की माणूस मान वर करून बघतो, हे तू नवव्या वर्षी शिकलास. मला शिकायला फार उशीर झाला.

असो. माझी तब्येत बरी आहे. सुशीलाबाई दोन्ही वेळचं करून जाते, मीठ कमी घालते, बाकी तक्रार नाही. समोरची इमारत पाडल्यापासून सकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत येतं. सलोनीला बढती मिळाल्याचं विहीणबाईंकडून कळलं. तिला अभिनंदन सांग. आता अकरा वाजत आले आहेत. रविवारी या वेळेला माझं लक्ष अजून फोनकडे जातं. सवय आहे, दुसरं काही नाही.

जागांवर गोष्टी ठेवायची ही युक्ती माझी नव्हे, तुला माहीत आहे. कॅम्पातल्या शाळेत सिस्टर ॲग्नेस आम्हाला कविता अशाच पाठ करायला लावायच्या. व्हरांड्याच्या एकेका कमानीखाली एकेक ओळ ठेवायची आणि चालायचं. डोकं विसरतं, पाय विसरत नाहीत, असं त्या सांगायच्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुझी आजी मला पाहुण्यांसमोर "आमची मडम" म्हणायची, पण किराण्याची यादी न लिहिता आणायला मलाच पाठवायची. तुझ्या बाबांना सगळ्या नातेवाइकांचे वाढदिवस मीच सांगायची. लक्षात ठेवणं हे या घरातलं माझं काम होतं. ते कुणी दिलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेतलं नव्हतं.

म्हणून लॉकडाऊननंतर तू आलास आणि म्हणालास की एक गोष्ट माझ्या डोक्यात ठेवायची आहे, तेव्हा मला किती आनंद झाला होता, ते तुला दिसलं नाही. तू घाईत होतास. तू ते क्रिप्टो घेतलं होतंस. त्याच्या पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमानं. ते गेले की पैसे गेले. बँक नाही, मॅनेजर नाही, अर्ज भरून परत मागायची सोय नाही.

"मग कागदावर लिहून कपाटात ठेव," मी म्हटलं.

"माझ्या मित्रानं, विश्वजीतनं, डायरीत लिहिले होते. त्याच्या बायकोनं डायरी रद्दीत घातली. माणूस तीन दिवस रद्दीवाल्यांकडे फिरत होता."

"फोनमध्ये?"

"फोन हॅक होतो. मेल हॅक होतो. आई, तुझं डोकं हॅक होत नाही. माझ्या डोक्यात एक कॉपी, तुझ्या डोक्यात एक. तू माझा बॅकअप."

बॅकअप म्हणजे काय, हे मी पुढे सृष्टीला विचारलं. "आजी, मेन बंद पडलं ना, की वापरायचं ते," ती म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आया तशाच असतात.

मग आपण पुन्हा तोच रस्ता घेतला. फाटकावर लॅडर टेकवून ठेवली. गिरणीवर पिजन बसवलं. घड्याळदुरुस्तीच्या काचेआड कॉपर, त्याच्या पुढच्या जागी रिबन. बाजीराव रस्ता ओलांडून पुढे, आणि बारावा शब्द मंडईत ज्ञानदेवच्या लिंबांच्या ढिगावर. नागोराव तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सातवी जागा मी त्याचीच ठेवली.

चार वर्षं दर रविवारी अकरा वाजता तुझा फोन यायचा. "म्हण," तू म्हणायचास. मी म्हणायची. "करेक्ट," तू म्हणायचास. त्यानंतर पाच मिनिटं, कधी सात, आपण बोलायचो. डब्यात काय नेलंस, सृष्टीचा खोकला, सलोनीची ऑफिसची बस. मी साडेदहापासून तयार असायची. अंघोळ, पूजा, केस सगळं उरकून. फोनवर केस दिसत नाहीत, हे मला कळतं.

तुझं हडपसर काही परदेश नव्हे. पण सण आला की तू म्हणायचास, "आई, ट्रॅफिक बघते आहेस ना?" मी घरात बसून ट्रॅफिक कुठून बघणार? दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला गुळाच्या पोळ्या करून ठेवल्या होत्या, चोवीस. तू आला नाहीस. तो रविवारच होता. सकाळी फोनवर मी शब्द म्हणताना रिबन आधी घेतला आणि कॉपर नंतर.

"आई, पुन्हा म्हण." मी पुन्हा तसंच म्हटलं. तुझाही क्रम डळमळला, ते मला तुझ्या श्वासावरून कळलं. पन्नास मिनिटांत तू दारात होतास. त्या दिवशी ट्रॅफिक नव्हता. आपण मंडईपर्यंत चालत गेलो, बाजीराव रस्त्यावर तू माझा दंड धरलास. परत येऊन तीन पोळ्या खाल्ल्यास, बोटांवरचं तूप चाटलंस, आणि जाताना म्हणालास, "आता पक्कं झालं ना?" मी म्हटलं, हो, झालं.

हो केयूर, मी मुद्दाम केलं. पुढच्या डिसेंबरात पुन्हा केलं. तेव्हा तू सृष्टीलाही आणलंस. तू फोनवर बोलत मागे राहिलास आणि आम्ही दोघी पुढे चालत गेलो. ती म्हणाली, "आजी, तुला खरंच येत नाही?" तिच्याशी मला खोटं बोलवेना. फाटकापासून लिंबांपर्यंत एका दमात म्हणून दाखवलं. ती टाळ्या पिटत राहिली.

गाडीत तिनं तुला सांगितलं. तू रस्त्यातूनच फोन केलास. "हे नाटक परत करू नकोस. ही माझी आयुष्यभराची कमाई आहे, तुझा टाइमपास नाही." मी हसले. मला वाटलं तूही हसशील. एकशे अठरा आठवेल तुला, असं वाटलं होतं.

आता जे सांगायचं ते सांगते. सहा महिने हे पत्र या ओळीपर्यंत येतं आणि मी ते फाडते.

ऑगस्टमधला तो रविवार नाटक नव्हतं.

तू "म्हण" म्हणालास, मी निघाले. सहा शब्द नीट झाले. सातव्या जागी आले आणि तिथे काही नव्हतं. नागोराव होता, छत्र्या होत्या, काड्या होत्या. शब्द नव्हता. मी "थांब" म्हटलं. तू थांबलास. मग म्हणालास, "आई, बस झालं आता," आणि फोन ठेवलास. पुढच्या रविवारी फोनऐवजी मेसेज आला. तू पैसे नव्या पाकिटात हलवलेस, नवे शब्द पोलादी पट्टीवर कोरून घेतलेस. पट्टी आगीतही जळत नाही म्हणे. शेवटी लिहिलं होतंस, "आता तुला दर आठवड्याला त्रास नको." तू ते चांगल्या मनानं लिहिलं होतंस, हे मला कळतं.

तो शब्द शोधायला मी रोज तो रस्ता चालले. फुटपाथच्या त्या जागी आता मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे. आधी मी त्या दुकानाला दोष दिला. पण दुकान चार वर्षांपासून आहे आणि शब्द त्याच्यासमोर खुशाल राहत होता. जागा गेली नव्हती.

मग इतर गोष्टी सुरू झाल्या. एके दिवशी ज्ञानदेव लिंबं देईना. "बाई, सकाळपासून दोनदा नेलीत. पिशवीत बघा की." पिशवीत होती. दुधाचं पातेलं दोनदा जळलं. सुशीलाबाई आता जाताना गॅसची मोठी चावी बंद करते, तिला वाटतं मला दिसत नाही. दिवाळीत मी सलोनीला म्हटलं, "हल्ली आठवत नाही गं काही." ती हसली. "आई, केयूरनं मला सगळं सांगितलंय. तुमच्यासारखी मेमरी आमच्याकडे असती तर." ती प्रेमानंच बोलली. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

गेल्या महिन्यात सुशीलाबाईला घेऊन मी सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे गेले. तरुण आहेत, अदबीनं बोलतात. म्हणाले, "आजी, तीन शब्द सांगतो. लक्षात ठेवा, पाच मिनिटांनी विचारीन. घोडा, खिडकी, साखर."

मी म्हटलं, "तीनच? मला बारा ठेवायची सवय आहे."

घोडा त्यांच्या टेबलावर उभा केला. खिडकी दाराला लावली. साखर वजनकाट्यावर ओतली. त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. मग म्हणाले, "हं, सांगा." टेबलावर घोडा होता. दाराला खिडकी होती. वजनकाट्याकडे मी बघत राहिले, आणि मला वाटलं, हे आपलं वजन करायचं असेल. सुशीलाबाई मागून हळूच म्हणाली, "काकू, चहात घालतो ते." डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

मेंदूचा फोटोही झाला. रिपोर्ट सोबत जोडला आहे, शिक्क्यासह. माझ्या शब्दावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि तो मीच घालवला, हे मला मान्य आहे. शिक्क्यावर तरी ठेव. पण एक बोलते आणि मग बोलणार नाही. चार वर्षं तू दर आठवड्याला माझी परीक्षा घेतलीस. इतकी काटेकोर तपासणी कुठल्या डॉक्टरनंही केली नसती. नेमकं जेव्हा त्यात काही सापडलं, तेव्हा तू परीक्षाच बंद केलीस.

डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, पण कागदपत्रं आणि इच्छा आत्ताच लिहून ठेवा. आज सगळं येतंय, म्हणून आजच लिहिते.

शिवणाचं मशीन सुशीलाबाईला द्यावं. तिच्या मुलीला शिकायचं आहे. खाली उतरवून रिक्षाही तूच करून द्यावीस, तिला भाडं द्यायला लावू नये.

माझ्या मोत्याच्या कुड्या सलोनीला. तिला जुनाट वाटतील. मोडून तिला हवं ते करू दे, फक्त ते मला सांगू नका.

पाठांतराचं चांदीचं पदक सृष्टीला. माझ्या शाळेचं आहे, मागच्या बाजूला माझं माहेरचं नाव आहे. तीही आता चौथीत आहे. तिला सांग की आजी तिच्यावर रागावलेली नाही. तिनं खरं तेच सांगितलं. त्या दिवशी आजीला सगळं येत होतं.

ज्ञानदेवला तुझा फोन नंबर आणि या घरचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून दे. मी त्याच्या गाळ्यापाशी उभी दिसले आणि परतीची वाट विचारू लागले तर त्यानं काय करायचं, ते त्याला नीट समजावून सांग. हे फोनवर करू नकोस, स्वतः जाऊन कर.

आणि तुला, सोबतचा दुसरा कागद. त्यावर ते बारा शब्द आहेत, म्हणजे अकरा आहेत. ते पाकीट आता रिकामं आहे, मला माहीत आहे. सातवी ओळ मी कोरी सोडली आहे. तुला तो शब्द येत असेल. भरू नकोस, मला सांगूही नकोस. तिथे उभी राहिले की मला शब्द मिळत नाही, एकशे एकोणीस मिळतात. तू हाफ चड्डीत उभा असतोस आणि नागोराव "बरोबर" म्हणतो. शब्द परत आला तर तुला तिथून हलावं लागेल.

रविवारी फोन केलास तर "म्हण" म्हणू नकोस. आधी तुझं नाव सांग, मग बोल.

अजून तरी तुला आवाजावरून ओळखणारी,
तुझी आई