सिनेमातल्या मशिदीला विश्वस्त म्हणून माझे नाव लावण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी साहेब,
महसूल विभाग, जिल्हा नंदुरबार.

अर्जदार : भाईदास काशिनाथ पाटील, वय ५८, धंदा शेती, रा. मौजे तापीखेडे.

विषय : माझ्या शेतातील सिनेमाच्या देखाव्यास मशीद समजून नसरुद्दीन पिंजारी यांचेवर बजावलेली नोटीस माझे नावे करणेबाबत.

संदर्भ : १) "परिस्थिती जैसे थे ठेवावी" हा आपल्या कार्यालयाचा आदेश.
२) माझे यापूर्वीचे अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

आधीच्या अर्जांत मी फार थोडक्यात लिहिले, त्यामुळे कदाचित कोणाच्या ध्यानात आले नसावे. या वेळी सविस्तर लिहितो, त्याबद्दल माफी असावी.

१) तापीकाठी माझे केळीचे शेत आहे. मागच्या उन्हाळ्यात केळी काढून शेत मोकळे झाले असता एक सिनेमा कंपनी गावात आली. त्यांना सरहद्दीपलीकडचे अतिरेक्यांचे गाव दाखवायचे होते. आमचा उघडा माळ आणि मागचा सातपुडा त्यांना त्यासाठी पसंत पडला. आमच्या गावात त्यांना तसे काय दिसले, हे कोणी विचारले नाही, कारण सगळे गाव आनंदात होते. रीतसर भाडेकरार करून त्यांनी माझ्या शेतात प्लायवूड, प्लास्टर आणि थर्माकोलची मशीद उभी केली. घुमट, दोन मिनार, हिरवा रंग, वर भोंगा. भोंग्याला वायर नाही. पश्चिमेची भिंतही नाही, कारण तिकडून कॅमेरा आत जायचा. आपल्याकडे नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढतात. नेमकी तीच भिंत नसलेली मशीद आपल्या पाहण्यात आली असल्यास कळवावे.

२) अतिरेकी म्हणून आमच्याच गावची मुले घेतली. माझा पुतण्या गोपाळ, भीमसिंगचा मिथुन आणि इतर. त्यांना दाढ्या चिकटवल्या, डोळ्यांत सुरमा घातला. या जागेत आजवर नमाजाला बसलेले सर्व इसम गुजर पाटील असून ते "कट" म्हटल्याबरोबर उठत होते, ही बाब पंचनाम्यात आलेली नाही. गावात मुसलमानाचे घर एकच, नसरुद्दीन पिंजारी यांचे. ते जुना कापूस पिंजून गाद्या भरून देतात. रिक्षावर पिंजायचे यंत्र बसवून ब्राह्मणपुरी, धानोऱ्यापर्यंत फिरतात. तेही हौसेने मुलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते. डायरेक्टरने त्यांचा पायजमा, गांधी टोपी पाहिली, त्यांची अहिराणी ऐकली आणि म्हणाला, "ये आदमी मुस्लिम नहीं लगता, हटाओ इसको." मग त्यांना गाद्या भरायचे काम दिले, कारण गोष्टीतले अतिरेकी मशिदीतल्या गाद्यांमध्ये बंदुका लपवतात.

३) शूटिंग संपल्यावर कंपनी देखावा तसाच सोडून गेली. सिनेमा लागला तेव्हा गाव ट्रॉलीत बसून तालुक्याला गेले. नसरुद्दीनभाईही सोबत होते, आपण भरलेल्या गाद्या पडद्यावर पाहायला. मुले दिसली की सगळे शिट्ट्या मारत होते. पण त्या सिनेमात ज्याने ज्याने नमाज पढली त्याने पुढच्या दृश्यात बंदूक काढली, आणि मध्यंतरानंतर आमच्या शिट्ट्या थांबल्या. परत येताना ट्रॉलीत दाटी होती, तरी नसरुद्दीनभाईंच्या शेजारी कोणी बसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वहिनी धनुबाई यांनी त्यांच्याकडून भरून घेतलेली गादी अंगणात आणून उसवली. शूटिंगच्या वेळी लाकडी बंदुका स्वतःच्या हाताने गादीत खुपसणारा त्यांचा मुलगा गोपाळ शेजारी उभा राहून कापूस चाचपत होता. मी त्याला हटकले तर म्हणाला, "काका, त्या लाकडान्याच व्हत्यात, माले ठाऊक शे. तरी एकदाव देखी लेवामा काय जास?" गादीतून कापूसच निघाला. माझ्याही घरात गादी दाबून पाहिली गेली, ते मी लपवत नाही. मला त्याची लाज वाटते. तेव्हापासून गावातून नसरुद्दीनभाईंकडे एकही गादी गेलेली नाही.

४) पुढे रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी माझ्या शेताचा व्हिडिओ काढला, त्याला त्याच सिनेमातला गोळीबाराचा तुकडा जोडला आणि सगळ्यांच्या मोबाइलवर सोडला. बाहेरगावचे लोक झेंडे घेऊन आले. मी हात जोडून त्यांना म्हटले, जवळ येऊन हात लावून पाहा, थर्माकोल आहे. त्यातल्या एकाने खरेच नखाने खरवडले. नखात पांढरे दाणे आले, ते त्याने झटकले आणि घोषणा पुढे चालू ठेवल्या. मी त्याच दिवशी ट्रॅक्टर लावून सगळे पाडायला निघालो, तर पोलिसांनी अडवले. धार्मिक स्थळ पाडल्यास तणाव निर्माण होईल, असे सांगितले. बरे, मग राहू देतो म्हटले, तर विनापरवाना धार्मिक स्थळ राहू दिल्यास गुन्हा दाखल होईल, असेही सांगितले. त्यानंतर आपला आदेश आला. आता ते मला ठेवता येत नाही आणि पाडताही येत नाही. राखणीला दोन होमगार्ड बसवले आहेत. माणसे चांगली आहेत, त्यांचा चहा माझ्या घरून जातो. बांधावर आणून ठेवलेली केळीची रोपे सुकून गेली, परंतु हा अर्ज त्यासाठी नाही.

५) विनापरवाना मशिदीची नोटीस बजावायला विश्वस्त लागतो. शेत माझे, उतारा माझ्या नावाचा, भाडेकरारावर सही माझी. कंपनीचा फोन लागत नाही. तरीही नोटीस घेऊन शिपाई माझे घर ओलांडून पुढे गेला आणि नसरुद्दीन पिंजारी यांच्या दारात उभा राहिला. फक्त पोचपावतीवर सही करा, बाकी काही नाही, असे त्याने सांगितले. त्यांनी सही केली. त्या सहीने ते विश्वस्त झाले. आता त्यांनी दर शुक्रवारी पोलीस चौकीत हजर राहावे आणि विचारल्याशिवाय गाव सोडू नये, असे तोंडी फर्मान आहे. गावात त्यांना कोणी काम देत नाही आणि बाहेर जाता येत नाही. त्यांची रिक्षा दारात उभी आहे, आणि त्यांच्या सूनबाई रोज तिच्यावरची धूळ पुसतात.

साहेब, शुक्रवारी दुपारी ते तालुक्याच्या मशिदीत नमाजाला जात. आता ज्या मशिदीत खरी नमाज कधीच झाली नाही, तिच्यापायी त्यांची खऱ्या मशिदीतली नमाज चुकते. सध्या रमजान चालू आहे. रोजा धरून ते चौकीच्या बाकावर बसलेले असतात. सोबत म्हणून मीही बसतो. मला तिथे चहा विचारतात, तो मी घेत नाही. मागच्या शुक्रवारी ते म्हणाले, "भाईदासभाऊ, सिनेमावालासले मी मुसलमान दिसनू नही. सरकारले कसा दिसनू?" मी बाकावरून उठलो आणि आत साहेबांच्या टेबलाशी गेलो.

६) म्हणून मी चौकीतील साहेबांना विनंती केली की विश्वस्त म्हणून माझे नाव लिहा, शुक्रवारची हजेरी मी देतो, गाव सोडणार नाही असेही लिहून देतो. ते हसले आणि म्हणाले, "अहो पाटील, भाईदास नावाचा विश्वस्त मशिदीला लावला तर वरून कागद परत येईल." मी विचारले, पिंजारींचा तरी या मशिदीशी काय संबंध? ते म्हणाले, "नाव बघा ना त्यांचं." ते रागाने बोलले नाहीत. समजूत घातल्यासारखे बोलले, म्हणून मला जास्त लागले.

माझ्या घरच्यांना हा अर्ज मान्य नाही. उद्या व्हिडिओत तुमचे तोंड दिसेल, असे माझी पत्नी रंजनाबाई म्हणते, आणि तिची भीती खोटी नाही. तरी माझी विनंती कायम आहे. मशीद मानायचीच असेल तर ती माझ्या शेतात आहे, म्हणून विश्वस्त मला करावे व नसरुद्दीन पिंजारी यांची हजेरी आजपासून बंद करावी. माझे नाव चालत नसेल, तर त्यांचे का चालले, एवढे एका ओळीत लेखी कळवावे. मला ते चौकीच्या बाकावर बसून त्यांना वाचून दाखवायचे आहे.

आपला नम्र, व पुढच्या शुक्रवारीही त्याच बाकावर भेटणारा,

(सही)
भाईदास काशिनाथ पाटील
मौजे तापीखेडे
शुक्रवार, दि. २७ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) शेताचा सातबारा उतारा.
२) सिनेमा कंपनीशी झालेला भाडेकरार.
३) पुतण्या गोपाळ याचे दोन फोटो, दाढी चिकटवलेला व दाढी काढलेला.
४) घुमटाचा तुकडा. तो वाऱ्याने पडला आहे, मी तोडलेला नाही, होमगार्ड साक्षीला आहेत. थर्माकोल असल्याने पाकीट हलके लागेल, रिकामे समजून टाकू नये.